मोटरीचा अभिषेक

एका जंगलात एक मोटर होती.

हसू नका रे पोरांनो. तुमच्या गोष्टीत कासव सशाशी शर्यत लावतं तेव्हा नाही हसलात ते. तर मोटर होती. विहिरीच्या काठावर दगडी खोलीत बसलेली, अंगाने गोल, आवाजाने घोगरी. ती विहिरीतलं पाणी ओढायची आणि हौदात टाकायची. हौदावर सगळं जंगल पाणी प्यायचं. ओढा कधीच आटला होता. तो का आटला, याची चौकशी चालू होती आणि ओढ्यापेक्षा ती जास्त जोरात वाहत होती.

मोटर चालवायला सदोबा नावाचं गाढव होतं.

सदोबाला मोटरीतलं काही कळत नव्हतं. पण सकाळी उठावं, बटण दाबावं, मोटरीला मागच्या पायाने एक सणसणीत लाथ घालावी, की मोटर सुरू व्हायची. बटणाने सुरू होते की लाथेने, हे त्याने कधी तपासलं नाही. चालतंय ना? मग कशाला उघडून बघा! रोजच्या लाथेने मोटरीच्या कुशीत खुराच्या मापाची एक खळी पडली होती.

पगार म्हणून त्याला गवत होतं. हौदाकडे जाणारा पाइप एका ठिकाणी गळायचा. तिथे बारा महिने हिरवंगार गवत उगवायचं. ते सदोबाने आणि त्याच्या बायकोने, गोदा गाढविणीने, खायचं. म्हणून ती गळती सदोबाने कधी दुरुस्त केली नाही. केली असती तर त्याला शहाणा म्हणावं लागलं असतं आणि ही गोष्ट इथेच संपली असती.

त्याआधी तो कुंभाराकडे माती वाहायचा. पाठीवर गोणी आणि वर काठी. ते दिवस आठवले की झोपेतही त्याचे कान मागे जायचे. ही मोटर गेली, की ही नोकरी गेली, की पुन्हा ती गोणी. एवढं एकच गणित त्याला येत होतं आणि ते बरोबर होतं.

तर खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा करतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या बापाने स्कूटरला हार घातलेला तुम्ही पाहिलाय. पण जंगलाची मालकीण होती वाघीण. बाईसाहेब म्हणायचे तिला. तिचं काही साधं नसायचं.

ती म्हणाली, "हार काय, कोणीही घालतं. आपण मोटरीला अभिषेक घालू. पंचामृताचा."

हत्ती बाईसाहेबांचा कारभारी. त्याला सगळे हत्तीअण्णा म्हणायचे. तो म्हणाला, "काय सुचलंय बाईसाहेब! आजवर कुणाला सुचलं नाही."

आजवर कुणाला का सुचलं नाही, हे विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

पंचामृत तयार झालं. दूध, दही, तूप, मध, साखर. वरून केळी कुस्करलेली. घागर भरली आणि राखायला दिली सदोबाकडे.

गाढवाकडे पंचामृत! आता मला सांगा, यात चूक गाढवाची की देणाऱ्याची?

सदोबाने आधी नुसता वास घेतला. मग कडेला लागलेलं होतं तेवढं चाटलं. मग म्हणाला, कडा साफ झाल्या, आता मधलं वर आलेलं दिसतंय, तेही नीट करावं. बघता बघता घागर अर्धी झाली. मग तो घाबरला आणि त्याने विहिरीचं पाणी ओतून घागर पुन्हा गळ्यापर्यंत भरली.

मुहूर्ताला बाईसाहेबांनी ती घागर आपल्या पंजाने मोटरीवर ओतली. धार अखंड होती. वरच्या जाळीतून, बाजूच्या फटीतून, पंचामृत मोटरीच्या पोटात गेलं. जनावरांनी जयजयकार केला. फुलं पडली. मग बाईसाहेब म्हणाल्या, "सदोबा, कर सुरू."

सदोबाने बटण दाबलं. लाथ घातली.

मोटर "हुंऽऽ" म्हणाली. मग "फट्" झालं. मग काहीच झालं नाही.

बाईसाहेबांच्या मिशीवरून पंचामृताचा एक थेंब ओघळला, तेवढाच आवाज.

हत्तीअण्णा म्हणाला, "जुनी झाली बिचारी."

"जुनीच होती," सगळे म्हणाले. आदल्या दिवशीपर्यंत ती कुणाला जुनी वाटली नव्हती.

घरी आल्यावर सदोबा गोदेला म्हणाला, "गोदे, माझ्या हातनं पाप झालं."

"आता आनि काय केलंसा?"

"मोटर रुसली. मी पंचामृत चाटलं आनि पानी घातलं. देवाधर्माचं काम. तिला कळलं आसंल, की ह्ये पातळ हाय."

गोदेने त्याच्याकडे नीट बघितलं. "आवं, मोटरीला जीभ हाय व्हय?"

"जीभ न्हाई. पर मन आसतंय."

"आनि मला वाटायचं गाढव निस्तं कुंभाराकडंच आसतंय," गोदा म्हणाली आणि तोंड फिरवून गवत खाऊ लागली. गवत आता जरा पिवळं दिसत होतं. पाइपात पाणी नाही तर गळणार काय?

हौदाचा तळ उघडा पडला. हरणं ओला गाळ चाटू लागली. बाईसाहेबांच्या गुहेत मात्र हत्तीअण्णा विहिरीतून सोंड भरून पाणी पोचवत होता. त्यामुळे काय करायचं ते ठरवायला सभा बोलावली, पण घाईने नाही.

सभेपुढे प्रश्न एकच. मोटर दुरुस्त करायची, की बदलायची?

बाईसाहेबांनी विचारलं, "दुरुस्त केलेल्या मोटरीला फीत बांधता येते का?"

हत्तीअण्णा म्हणाला, "बांधता येते, पण शोभत नाही."

"कोनशिला?"

"दुरुस्तीची कोनशिला कुठे पाहिली नाही बाईसाहेब. 'या मोटरीची तार अमक्यांच्या हस्ते गुंडाळण्यात आली', हे बरं दिसणार नाही."

"मग बदला."

ठरलं! टाळ्या झाल्या. तेवढ्यात मागून एक म्हातारी साळिंदर म्हणाली, "अगं बायांनो, पण आधी तपासायला नको का?"

बाईसाहेब मोठ्या मनाच्या. त्या म्हणाल्या, "तपासा की! कोण नाही म्हणतंय? निर्णय झालाय, आता निवांत तपासा."

तपासायला आला वानर. त्याला वानरसाहेब म्हणायचं, नाहीतर तो वळून बघायचा नाही. तो शहरातून मोटरीचं शिकून आला होता आणि त्याच्याकडे मेगर होता. मेगर म्हणजे एक डबा. दोन वायरी मोटरीला लावायच्या, डब्याचा दांडा गरागरा फिरवायचा. आतली वीज तारेतच राहते की बाहेर झिरपते, ते काटा सांगतो. काटा वर चढला तर मोटर निरोगी. काटा शून्यावर बसला तर एक तर आतली तार जळाली, नाहीतर मोटर नुसती ओली झाली.

वानरसाहेबांनी दांडा फिरवला. काटा शून्यावर बसून राहिला.

आता बघा हं, वानरसाहेब काही मूर्ख नव्हते. त्यांच्या नाकाला दह्याचा वास आला होता. जाळीत केळ्याचा तुकडा दिसत होता. तो त्यांनी खाल्लाही होता. पण त्यांनी पुढचा विचार केला. मोटर ओली आहे म्हटलं, तर कुणी ओली केली हे विचारतात. जळाली म्हटलं, तर मोटरी आपोआप जळतात.

"जळाली," वानरसाहेब म्हणाले.

"बघा!" हत्तीअण्णा म्हणाला. "निर्णय किती अचूक होता!"

सदोबाला राहवेना. उद्या नवी मोटर येणार, तिला लाथेची गरज नसली तर? शिवाय पाप पोटात राहत नव्हतं. तो उठला आणि रडत म्हणाला, "बाईसाहेब, मला बोलू द्या. त्ये पंचामृत..."

सभेत एकदम खोकला सुरू झाला. हत्तीअण्णा खोकला, वानरसाहेब खोकले, ज्यांना घसाच नव्हता ती गांडुळंही खोकली.

"पंचामृतामुळं समदं..."

"विषय सोडून बोलू नकोस!" हत्तीअण्णा गरजला.

"न्हाई पर पंचामृतात..."

बाईसाहेबांनी नखं बाहेर काढून त्यांच्याकडे बघितलं. सदोबाकडे नाही, नखांकडे. मग गोड आवाजात म्हणाल्या, "सदोबा, तू फार दमलायस. झालं ते झालं. तो शब्द पुन्हा काढायचा नाही. नोकरी हवीय ना तुला?"

सदोबा हरखला. घरी येऊन गोदेला म्हणाला, "किती मोठ्या मनाची बाई! मी कबूल करायच्या आधीच मला माफ केलं!"

गोदेने नुसती शेपटी झटकली. असल्या नवऱ्याबरोबर राहायचं तर बोलून भागत नाही.

जुनी मोटर खोलीतून ओढून बाहेर टाकली. उघड्यावर. आश्विनातलं ऊन म्हणजे कसं, तुम्हाला ठाऊक आहे. म्हशीच्या पाठीवर पापड भाजून निघेल असं. मोटर तापू लागली, पोटातलं पाणी उडून गेलं. साखर आणि मध राहिला.

मग मुंग्या आल्या.

काळ्या आल्या, तांबड्या आल्या. जाळीतून रांगेने आत शिरल्या. तारेच्या प्रत्येक वेढ्यावरून जीभ फिरवत, फटीफटीतलं तूप-साखर उचलत, मोटर आतून लख्ख करून बाहेर पडल्या. त्यांनी सभा घेतली नाही. त्यांच्यात हत्ती नसतो ना.

सदोबाने मोटरीवरच्या मुंग्या पाहिल्या आणि डोळे पुसले. "आता तिला मुंग्या लागल्या," तो म्हणाला. मेलेल्या जनावराला लागतात तशा, असं त्याला म्हणायचं होतं.

तेवढ्यात आला कोल्हा. कोल्हेशेठ. भंगार घेण्याचा धंदा. तो वाकून मोटर बघून म्हणाला, "मेलेली मोटर! कोण घेणार? तुमच्यासाठी म्हणून उचलतो." आणि फुकटात उचलून घेऊन गेला.

घरी नेऊन त्याने सहज वायर जोडली. मोटर गुरगुरली आणि भिंगरीसारखी फिरू लागली.

कोल्हेशेठलाही का ते कळलं नाही. पण न कळलेल्या गोष्टीवर धंदा थांबवेल तो कोल्हा कसला? त्याने हिरवा रंग आणला. मोटरीला दोन हात मारले. वर पिवळ्या अक्षरांत काहीतरी परदेशी दिसेल असं लिहिलं आणि झाडाच्या साली गुंडाळून तिला जंगलात परत आणली.

"सातासमुद्रापलीकडची आहे बाईसाहेब. या मापाची हीच एक उरली होती."

"जुनीसारखीच दिसते," म्हातारी साळिंदर म्हणाली.

"आजी, नव्या मोटरी मुद्दाम तशाच करतात," कोल्हेशेठ म्हणाला. "गिऱ्हाइकांना सवय असते."

वानरसाहेबांनी मेगर लावला. काटा सरसर चढून टोकाला भिडला. वानरसाहेब डबा उंच धरून सगळ्यांना दाखवत फिरले. "याला म्हणतात नवा माल! कुठे ते भंगार आणि कुठे ही!"

फीत बांधली. फीत कापली. भिंतीत कोनशिला बसली. 'बाईसाहेबांच्या शुभहस्ते' ही अक्षरं मोटरीपेक्षा मोठी होती. पाणी हौदात धो धो पडलं. हरणांनी तोंडं घातली. बाईसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. फोटो काढणारा पोपट तेव्हा समोरच होता.

सगळे गेल्यावर सदोबा मोटरीजवळ गेला. सवयीने पाय उचलला. आणि त्याचा खूर हिरव्या रंगाखालच्या एका खळीत अलगद जाऊन बसला.

अगदी मापात.

त्याने पाय काढला, पुन्हा घातला. मग तो खाली बसला आणि मोटरीच्या कुशीला डोकं लावून रडू लागला. "आलीस व्हय गं माघारी?"

कोल्हेशेठ वळणावरून हे बघत होता. तो धावत आला. "अरे ए, तोंड मिट! कुणाला बोललास तर..."

"शेठ, तुमी हिची समजूत काढलीसा?" सदोबाने त्याचे पाय धरले. "रुसून गेली हुती. तुमी आनली."

कोल्हेशेठने आयुष्यात पुष्कळांना फसवलं होतं. पण इतक्या आधीच फसून बसलेलं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. "हो, काढली समजूत," तो म्हणाला. "फार त्रास झाला."

त्या दिवशी सदोबाने ठरवलं. या वेळी खोट ठेवायची नाही. तो मधासाठी आग्यामोहोळापाशी गेला आणि नाक सुजवून आला. म्हशीचं निरसं दूध आणलं. दही, तूप, साखर, केळी. घागर काठोकाठ भरली. पाण्याचा एक थेंब घातला नाही आणि, हे ऐका, जीभही लावली नाही. गाढवाच्या कुळात एवढा संयम कुणी दाखवला नसेल.

गोदा म्हणाली, "आवं, नगा. चाललीया ती चालू द्या."

"गोदे, तुला भाव न्हाई."

सकाळी त्याने सगळी घागर भक्तिभावाने मोटरीवर ओतली. मग बटण दाबलं. लाथ घातली.

"हुंऽऽ." "फट्."

पुन्हा सभा.

पण या वेळी प्रश्न अवघड होता, पोरांनो. मोटर नवी होती. तिच्यावर बाईसाहेबांचं नाव होतं. मोटर बिघडली म्हणायचं तर बाईसाहेबांचा हात शुभ नाही असं होतं. वानरसाहेबांनी मोटर तपासायला बाहेर उन्हात काढून घेतली खरी, पण मेगर लावला नाही. काटा काही बोलला असता तर?

हत्तीअण्णाने सोंड खाजवत विचारलं, "मोटर नवी. वायर नवी. कोनशिला तर अगदीच नवी. जुनं काय राहिलंय?"

सगळ्यांनी सदोबाकडे पाहिलं.

सदोबाने मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"याचीही रीतसर तपासणी करा," बाईसाहेब म्हणाल्या. "अन्याय नको."

वानरसाहेबांनी मेगरच्या दोन वायरी सदोबाच्या दोन कानांना लावल्या आणि दांडा फिरवला. सदोबा चारी पायांवर उडाला आणि असा ओरडला की डोंगरापलीकडे कुंभाराने मान वर केली.

"झिरपतंय!" वानरसाहेब म्हणाले. "आतून पूर्ण गेलंय."

"दुरुस्त होईल?"

"गाढव दुरुस्त होत नाही बाईसाहेब. बदलावं लागतं."

सदोबा गयावया करू लागला. "बाईसाहेब, हाकलू नगा. मी खरं सांगतो, या टायमाला पंचामृत पातळ न्हवतं..."

पुन्हा खोकल्याची साथ आली.

सदोबाला भंगारात काढला. उचलायला कोल्हेशेठ आलाच होता. "मेलेलं गाढव! कोण घेणार? तुमच्यासाठी म्हणून उचलतो."

सदोबा त्याच्यामागून चालला. पाठीवर काही नव्हतं, तरी त्याला गोणीचा भार जाणवत होता. "शेठ, कुंभाराकडंच नेनार न्हवं?"

कोल्हेशेठने त्याला पुढून पाहिलं, मागून पाहिलं. मोटरीला पाहिलं होतं तसंच. मग म्हणाला, "उभा राहा. हलू नकोस." आणि चुन्याची बादली आणली.

इकडे मोटर बाहेर उन्हातच पडून होती, कारण ती आत कुणी उचलून न्यायची हे ठरत नव्हतं. मुंग्यांना निरोप लागत नाही. त्या आल्या. या वेळी पंचामृत घट्ट होतं, म्हणून जास्त आल्या. वारुळंच्या वारुळं सहकुटुंब आली.

मग एके दिवशी कोल्हेशेठ एक नवीनच जनावर घेऊन आला. करडं अंग, त्यावर पांढरेशुभ्र पट्टे.

"झेब्रा," तो म्हणाला. "आफ्रिकेचा. मोटरीत निष्णात. बोलत नाही, कारण आपली भाषा येत नाही."

जनावरांनी मान झुकवून नमस्कार केला. हत्तीअण्णाने स्वतः मोटर उचलून खोलीत ठेवली. झेब्र्याने बटण दाबलं आणि मागच्या पायाने लाथ घातली. मोटर सुरू झाली.

"बघा!" बाईसाहेब म्हणाल्या. "मी म्हणत नव्हते? मोटरीत दोष नव्हताच!"

"लाथ बघा किती शास्त्रशुद्ध!" वानरसाहेब म्हणाले. "ते गाढव कशीही घालायचं."

झेब्र्याला राहायला मोटरीच्या खोलीमागची जागा मिळाली. तिथे गवताजवळ गोदा उभी होती. तिने त्याला खालून वर पाहिलं.

"ह्ये काय अंगाला फासून आलायसा?"

झेब्रा हळूच म्हणाला, "बोलू नगंस. मला भाषा येत न्हाई."

"बरं हाय," गोदा म्हणाली. "आधी यायची तवा काय दिवं लावलंसा?" आणि तिने गवताचा कोवळा भाग त्याच्याकडे सरकवला.

वर्ष सुखात गेलं. कान तेच, शेपूट तीच, लाथ तीच. पण आता वाटेने जाणारे वाट सोडायचे. हौदावर तरस आपल्या पोरांना सांगायचा, "शिका जरा! सदोबा होऊ नका, झेब्रा व्हा."

आणि मग पुन्हा खंडेनवमी आली.

बाईसाहेब म्हणाल्या, "यंदा मोटरीला अभिषेक घालायचाच. आणि ज्याने ती चालवली, त्या पाहुण्यालाही घालायचा. दोन घागरी करा."

झेब्र्याने घाबरून कोल्हेशेठकडे पाहिलं. कोल्हेशेठ दुसरीकडे बघत होता.

पहिली घागर मोटरीवर गेली. दुसरी झेब्र्याच्या डोक्यावर. दूध, दही, मध त्याच्या मानेवरून, पाठीवरून, पोटावरून ओघळलं. पट्टेही ओघळले. पायाखाली पांढरं थारोळं झालं आणि थारोळ्यात उभा राहिला एक नुसता करडा, लांब कानांचा प्राणी.

तेवढ्यात बटण दाबून बघायला गेलेल्या वानरसाहेबांच्या हाताखाली मोटर म्हणाली, "हुंऽऽ. फट्."

म्हातारी साळिंदर हळूच म्हणाली, "अगं बाई! हा तर..."

हत्तीअण्णा जोरात खोकला. मग त्याने त्या करड्या प्राण्याभोवती एक फेरी मारली, सोंडेने त्याला टोचून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला,

"झेब्रा बिघडलाय. दुरुस्त करायचा, की बदलायचा?"

कोल्हेशेठ चुन्याची बादली घेऊन पुढे आला. वानरसाहेब मेगर आणायला पळाले. ते परत येईपर्यंत सदोबाने आपले दोन्ही कान स्वतःच पुढे करून ठेवले होते. एका वर्षात त्याला एवढं तरी शिकता आलं होतं.

गोदा जवळ आली. त्याच्या नाकावरून मधाचा ओघळ खाली येत होता.

"चाटा आधी," ती म्हणाली. "न्हाईतर मुंग्या लागतील आनि तुमी खरंच दुरुस्त व्हशीला."

तात्पर्य : कोणतीही वस्तू दुरुस्त करायची की बदलायची, याचा निर्णय नेहमी तपासणीच्या आधी घ्यावा. नंतर घेतल्यास तपासणीचं ऐकावं लागण्याची भीती असते. आणि मुंग्यांना सभेला कधीही बोलावू नये. त्या काम करून टाकतात.